सीलबंद मारिओ ३ ग्रेडिंगला पाठवू का? (आणि बाकीच्या खोक्याचं काय)

निनाद_कोलंबस

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी ओहायोत कोलंबसला असतो. आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा वारले तर त्यांच्या मुलांनी इस्टेट सेल लावला होता, म्हणजे घरातल्या सगळ्या सामानाला किंमतीच्या चिठ्ठ्या लावून तिथंच विकून टाकतात तो प्रकार. तिथं तळघरात एनईएसच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या टीव्हीवरच्या गेमच्या यंत्राच्या, गेम्सचा खोका मिळाला. त्यात एक सुपर मारिओ ब्रदर्स ३ आहे आणि त्याचं प्लॅस्टिक कुणी फाडलेलंच नाहीये! एक झेल्डा आहे, सोनेरी कार्ट्रिजवाला, बॉक्स मॅन्युअल नकाशा सगळं आहे पण उघडलेला. बाकी सुट्या कार्ट्रिज आणि गेम बॉयचा एक पोकेमॉन सिल्व्हर.

इथल्या एका दुकानदाराने नुसतं बघून सांगितलं की सगळाच्या सगळा खोका ग्रेडिंगला पाठव, मारिओ लाखात जाईल आणि सोनेरी झेल्डा तर दुर्मिळच असतो. आमचे चिरंजीव म्हणतायत बाबा उघडा आणि खेळूया. माझ्या डोक्यात आता तीन प्रश्न आहेत. ग्रेडिंगवाले नक्की काय बघतात? यातलं काय पाठवण्यासारखं आहे? आणि ते प्लॅस्टिक कंपनीचंच आहे की नंतर कुणी चढवलंय हे घरबसल्या कसं ओळखायचं?

जाता जाता अजून एक, पुण्याला आईकडे माझ्या लहानपणीच्या मीडिया ब्रँडच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या निळ्या कार्ट्रिज पिशवीभर पडल्यात. आई विचारतेय भंगारात देऊ का. त्यांचं काही होतं का?

गेमबिट_३८

निनादभाऊ, सगळ्यात आधी आईंना फोन करून सांगा की पिशवीला हात लावू नका 🙏 त्यावर इथं बोलणारे आहेत, मी तुमच्या खोक्याचं सांगतो.

ग्रेडिंग म्हणजे काय तर तुम्ही वस्तू कंपनीला पाठवता, ते आधी ती अस्सल आहे का बघतात, मग अवस्थेला आकडा देतात आणि पारदर्शक ॲक्रिलिकच्या कडक केसमध्ये कायमची बंद करून परत पाठवतात. व्हीजीए ही जुनी कंपनी, तिचं मोजमाप १०० पर्यंत. वाटा गेम्स २०१७ ला डेन्व्हरला सुरू झाली, त्यांचं मोजमाप १० पर्यंत आणि सीलबंद असेल तर प्लॅस्टिकला वेगळी श्रेणी, सी पासून ए प्लस प्लस पर्यंत. म्हणजे ९.४ ए प्लस लिहिलेलं असेल तर ९.४ हे बॉक्सचं आणि ए प्लस हे वरच्या प्लॅस्टिकचं. आता सीजीसी पण करते, ती मूळची कॉमिक्सवाली.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हा आकडा गेमचा नसतो. सीलबंद गेमच्या बाबतीत कुणीच आतली कार्ट्रिज लावून बघत नाही, बघूच शकत नाही. बॉक्सचे कोपरे दबलेत का, रंग उन्हाने उडालाय का, घडीवर पांढरी रेघ आलीये का, प्लॅस्टिकला चीर आहे का, किंमतीचं स्टिकर काढताना वरचा थर सोलला गेलाय का, एवढ्यावर तो आकडा ठरतो. म्हणून ग्रेडिंग हे मुख्यतः विकणाऱ्याच्या कामाचं, कारण लांबच्या गिऱ्हाइकाला वस्तू हातात न घेता भरवसा मिळतो. स्वतःकडेच ठेवायचं असेल तर चांगला ॲक्रिलिक डबा विकत मिळतो, त्यात ठेवा, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा, झालं. कोलंबसचं तळघर मात्र नको, तिथली दमट हवा पुठ्ठ्याला खाते.

झेल्डाबद्दल त्या दुकानदाराचं ऐकू नका. सोनेरी कार्ट्रिज दुर्मिळ वगैरे काही नाही, १९८७ ला अमेरिकेत आला तेव्हापासून लाखोंनी खपलाय आणि नेहमीचा झेल्डा सोनेरीच होता. खरी दुर्मिळ सोनेरी म्हणजे १९९० च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिपची, ती २६ च होती, आणि करड्या ९०. तुमच्या झेल्डाचा बॉक्स मात्र जपा, समोरच्या कोपऱ्यात खिडकी कापलेली असते त्यातून कार्ट्रिज दिसते, तो कापलेला भाग पहिल्यांदा फाटतो. तो धड असेल आणि नकाशा पण असेल तर संग्राहक नुसते फोटो बघून सुद्धा चांगली किंमत देतात.

आता मारिओ ३. बॉक्सवर ब्रॉस (ब्रदर्सचं इंग्रजी लघुरूप) हा शब्द कुठे आहे बघा, डावीकडे आहे का उजवीकडे? डावीकडे असेल तर तो मारिओच्या पांढऱ्या हातमोज्यावर चढलेला दिसेल. फोटो टाका, मागच्या बाजूचा पण.

मीनल_एडिसन

गेमबिटशी सहमत. किंमतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण "लाखात जाईल" हे लोक अजून २०२१ च्या हवेत बोलतात.

त्या वर्षी काय झालं ते क्रमाने बघा. एप्रिलमध्ये पहिला सुपर मारिओ ब्रदर्स, सीलबंद, हेरिटेजच्या लिलावात ६,६०,००० डॉलरला गेला. जुलैमध्ये सुरुवातीच्या छपाईचा एक झेल्डा ८,७०,००० ला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी सुपर मारिओ ६४, वाटा ९.८ ए प्लस प्लस, १५,६०,००० डॉलरला! ऑगस्टमध्ये अजून एक पहिला मारिओ २० लाखाला. झेल्डाचं एक वेळ समजू शकते, ती छपाई खरंच कमी सापडते. पण मारिओ ६४ हा १९९६ चा गेम, घरोघरी होता, सीलबंद प्रती सुद्धा बाजारात येतच होत्या. वर्षानुवर्षं हा छंद करणारे आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत होतो. मग अर्थातच लोकांनी माळे उपसले, सीलबंद प्रती शोधून ग्रेडिंगला रांगा लावल्या, तशाच चांगल्या आकड्याच्या प्रती अजून निघाल्या आणि भाव खाली आले. वाटाला त्याच जुलैत कलेक्टर्स युनिव्हर्स या पीएसएच्या (खेळाडूंच्या कार्डांचं ग्रेडिंग करणारी कंपनी) मालक कंपनीने विकत घेतलं होतं आणि मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी वाटावर खटला भरला, बाजारभाव फुगवल्याचा आरोप करून.

माझं स्पष्ट मत, आकडा वस्तूला दुर्मिळ बनवत नाही. ९.८ लिहिलेल्या गेमच्या अजून किती प्रती लोकांच्या कपाटात पडून आहेत हे केसवर लिहिलेलं नसतं. म्हणून आधी गेम समजून घ्या, कुठली छपाई, कुठला बॉक्स, किती खपला, मग ग्रेडिंगचा विचार करा. उलटं केलं की माणूस केसला पैसे देतो.

आणि विकायचं असेल तर लिलावाचे जुने निकाल बघा, विक्रीला लावलेली किंमत बघू नका. कुणी पण काही पण किंमत लावतं.

निनाद_कोलंबस

गेमबिट, मीनलताई, खूप खूप आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. आईला फोन केला, पिशवी सुखरूप आहे.

मारिओचे फोटो टाकलेत. ब्रॉस उजवीकडे आहे. मागे मधोमध प्लॅस्टिकचा एक जोड आहे आणि दोन्ही टोकांना पण जोड दिसतायत. एका कोपऱ्याला बारीक चीर आहे, नखाएवढी, तिथून पुठ्ठा दिसतो.

गेमबिट_३८

फोटो छान आलेत. उजवीकडचा ब्रॉस म्हणजे नंतरची नेहमीची छपाई. डावीकडचा म्हणजे १९९० च्या सुरुवातीचा, त्यातलाच एक सीलबंद २०२० च्या नोव्हेंबरमध्ये १,५६,००० डॉलरला गेला होता, दुकानदाराने बहुतेक तीच बातमी कुठेतरी ऐकलेली असणार. एका शब्दाची जागा बदलली की एवढा फरक पडतो या छंदात.

पण नाराज होऊ नका कारण सील मला अस्सल वाटतंय. निन्टेंडो स्वतःच्या एनईएस गेम्सना जे प्लॅस्टिक लावायची त्याला मागे मधोमध एक जोड आणि दोन्ही टोकांना एकेक, मिळून इंग्रजी एच दिसतो, संग्राहक त्याला एच सीमच म्हणतात. दुकानातल्या साध्या श्रिंक रॅप मशीनवर चढवलं तर जोड बॉक्सच्या कडांवर येतो. मात्र हे फक्त निन्टेंडोच्या स्वतःच्या गेम्सचं झालं, बाकीच्या कंपन्यांची पद्धत वेगळी असायची, तिथं त्याच कंपनीचे दुसरे खात्रीचे सीलबंद गेम बाजूला ठेवून बघावं लागतं.

दुसरी खूण म्हणजे प्लॅस्टिक आणि पुठ्ठा यांची गोष्ट जुळते का बघायचं. प्लॅस्टिक काचेसारखं नवं आणि आतले कोपरे मात्र झिजून पांढरे पडलेले, असं दिसलं की संशय घ्यायचाच, कारण प्लॅस्टिकच्या आत राहून कोपरे घासले जाणार कसे? तुमच्याकडे उलट आहे, चीर जिथं आहे तिथंच पुठ्ठा मळलाय आणि बाकी कोपरे कोरे आहेत. हे अगदी बरोबर जुळतंय. तरी हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के कुणी सांगू नये, मी पण सांगत नाही.

चीर आहे म्हणजे सीलची श्रेणी खाली येणार. फी, विम्यासकट पाठवणी, आणि फी वस्तूच्या जाहीर किंमतीप्रमाणे वाढते तो भाग धरा, हे सगळं वजा करून हातात काय उरतं ते मीनलने सांगितलं तसं जुन्या निकालांवरून काढा. मी असतो तर मारिओ एकटा पाठवला असता आणि तो पण विकायचा ठरलं तरच. झेल्डा नाही, सुट्या कार्ट्रिज तर बिलकुल नाही.

पोकेमॉन सिल्व्हर आधी खरा आहे का बघा, त्यात नकलांचा सुळसुळाट आहे. लेबल तिरपं धरून उजेडात बघा, अस्सल असेल तर त्यावर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात, शाईने छापलेले नाहीत, दाबलेले. आत सीआर २०२५ ची बॅटरी असते, सेव्ह तिच्यावर टिकतो आणि त्यातलं घड्याळ पण तिच्यावरच चालतं, त्यामुळे बहुतेक संपली असेल. बदलता येते पण डाग देऊन लावायची असते, सेलोटेपने चिकटवून देणारे लोक आहेत त्यांच्यापासून लांब राहा. झेल्डामध्ये पण तसंच, फक्त बॅटरी सीआर २०३२.

चिंटू_ठाणे

मी संग्राहक नाही, नुसता खेळणारा आहे. मुलाला मारिओ ३ ची सुटी कार्ट्रिज घेऊन द्या हो, तिकडे कुठल्याही जुन्या गेम्सच्या दुकानात मिळेल. सीलबंद कपाटात राहू दे आणि पोराला पहिल्या जगातली ती उडणारी शेपटी मिळू दे. दोन्ही होतं की.

लॅमिंग्टन_रोडवाला

निनाद, मीडियाच्या कार्ट्रिजवर मी लिहितो, माझा सगळा जीव त्यातच आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे होतं ते एनईएस नव्हतंच, फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या, नकला होत्या. म्हणून तुझ्या पुण्याच्या कार्ट्रिज तिकडच्या एनईएसमध्ये बसणार नाहीत, आपल्या ६० पिनांच्या आणि अमेरिकन ७२ पिनांची. त्यातल्या बऱ्याच उघडल्यास तर चिपच्या जागी नुसता काळा डांबरासारखा गोळा दिसेल. ग्रेडिंगवाल्यांकडे याला काही किंमत नाही, कारण मूळ परवान्याचा मालच नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. पण आपल्या पिढीने मारिओ, कॉन्ट्रा, टँक यावरच खेळलं, आणि कुठल्या कार्ट्रिजवर कुठलं लेबल होतं, ९९९ इन १ मध्ये खरे गेम किती आणि तेच तेच फिरवून लावलेले किती, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. लेबलं वाळून गळायला लागलीत. पाच दहा वर्षांनी बघायला सुद्धा मिळणार नाहीत.

परवान्याचा भारतीय माल हवा असेल तर पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, बघ. आपल्याकडे पीएस२ फार उशिरापर्यंत चालला, सोनीने २०१३ ला उत्पादन थांबवेपर्यंत. हैदराबादेत बनलेला हनुमान बॉय वॉरियर २००९ चा, त्याच काळातला देसी अड्डा ज्यात कबड्डी आणि विटीदांडू आहे, हे गेम आता परदेशातले पीएस२ वाले शोधत असतात आणि इथं ते जुन्या सीडींच्या ढिगात सापडतात. पुण्यात जुन्या बाजारात कुणी ओळखीचं जात असेल तर सांगून ठेव. घेताना मागची छापील माहिती आणि मॅन्युअल बघायचं, आणि डिस्क दिव्यासमोर धरून बघायची, सुईच्या टोकाएवढी भोकं चमकली तर डिस्कचा चांदीसारखा थर गेलाय, ती घेऊ नकोस.

पुढच्या वेळी पुण्याला गेलास की एवढं कर. प्रत्येक कार्ट्रिजचा पुढून, मागून आणि पिनांच्या बाजूने फोटो, लेबलवरचे आकडे वाचता येतील एवढ्या जवळून. स्क्रूवाली असेल तर उघडून आतल्या बोर्डाचा पण फोटो, नुसती खटक्यावर बसवलेली असेल तर उघडू नकोस, प्लॅस्टिक तडकतं. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसायच्या, फुंकर मारायची नाही, थुंकीने तांबं हिरवं पडतं. आणि इथंच टाक सगळे फोटो, माझ्याकडच्यांशी ताडून बघू, पिवळ्यातली एक जरी माझ्याकडे नसलेली निघाली तरी मी पुण्याला येतो बघायला.