तेजोमेघांचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर सूर्यासाठी चालेल का?

मृगशीर्ष :
माझ्याकडे ८० मिलिमीटर व्यासाची आणि ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण आहे. तिच्या तोंडावर ५ घनतेची सौरफिल्म लावून मी सौरडाग पाहतो. डागांचा काळा गाभा, त्याभोवतीची करडी किनार आणि बिंबाच्या कडेजवळचे उजळ पट्टे चांगले दिसतात. परंतु कडेवर उसळणारे प्रॉमिनन्स (तप्त वायूचे झोत) किंवा बिंबावरचे फिलामेंट (तेच झोत बिंबासमोर गडद धाग्यांसारखे दिसतात ते) कधीच दिसलेले नाहीत. तेजोमेघांच्या छायाचित्रणासाठी घेतलेला ७ नॅनोमीटर पट्ट्याचा हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाश सोडणारा) फिल्टर माझ्याकडे पडून आहे. त्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर हीच असल्याने, फिल्मच्या जोडीला तो नेत्रिकेत बसवला तर वर्णगोल (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरचा वायूचा थर) दिसेल का? नसल्यास, सूर्यासाठीच बनवलेली लहान दुर्बीण घ्यावी, की आहे त्या दुर्बिणीला मागून जोडता येणारा फिल्टर घ्यावा, याविषयी जाणकारांनी सांगावे.

वर्णपट :
फिल्मसह तो फिल्टर लावल्यास धोका नाही, पण उपयोगही नाही. तुम्हाला तेच सौरडाग लाल रंगात आणि अधिक अंधूक दिसतील. खरा प्रश्न तरंगलांबीचा नसून पट्ट्याच्या रुंदीचा आहे. ७ नॅनोमीटर म्हणजे ७० अँगस्ट्रॉम, आणि वर्णगोलाची माहिती देणारा, वर्णपटातील हायड्रोजन रेषेचा गाभा जेमतेम १ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतो. उरलेल्या सगळ्या पट्ट्यातून दीप्तिगोलाचा, म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचा, झगझगीत प्रकाश आत येतो आणि त्यात वर्णगोल बुडून जातो. तेजोमेघामागे असा प्रखर प्रकाश नसल्यामुळे रात्री हाच फिल्टर उत्तम काम करतो. शिवाय तुमची फिल्म प्रकाशाचा एक लक्षांश भागच पुढे सोडते, त्यामुळे बिंबापेक्षा कितीतरी मंद असलेला प्रॉमिनन्स तिच्यामागे उरतच नाही.

मात्र यावरून ‘मग फिल्म काढून केवळ हा फिल्टर लावून पाहू’ असा विचार कोणाच्याही मनात येऊ नये. एकवटलेल्या सूर्यप्रकाशाचा ७० अँगस्ट्रॉमचा तुकडाही डोळा कायमचा अधू करण्यास पुरेसा आहे, अवरक्त किरणे अडवण्याची अशा फिल्टरकडून खात्री नसते, आणि उष्णतेने त्याची काच तडकू शकते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे इजा होत असताना ती कळतही नाही.

सूर्यासाठीच्या यंत्रणेत हे काम ‘इटॅलॉन’ करतो. अंशतः परावर्तन करणारे दोन अतिशय समांतर पृष्ठभाग ठरावीक अंतरावर बसवले की त्यांच्यामधून कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या, अरुंद तरंगलांब्याच पार होतात. त्यांपैकी हवा तो एक दात ठेवून बाकीचे अडवणे हे ब्लॉकिंग फिल्टरचे काम असते. म्हणून या दोहोंपैकी एखादा भाग सुटा विकत घेऊन जुळवाजुळव करू नये. एका इटॅलॉनने साधारण ०.७ अँगस्ट्रॉमचा पट्टा मिळतो. दोन इटॅलॉन एकामागे एक लावल्यास तो ०.५ च्या आसपास येतो, बिंबावरचे फिलामेंट ठळक होतात, पण चित्र मंदावते. केवळ प्रॉमिनन्स पाहायचे असतील, तर एक पुरेसा आहे.

तसे पाहिले तर प्रकाश अरुंद करून ग्रहणाविना प्रॉमिनन्स पाहण्याची युक्ती जुनीच आहे. जान्सेन आणि लॉकियर या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये वर्णपटदर्शकाने ती स्वतंत्रपणे साधली होती.

दक्षिणायन :
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला सुमारे १०९ ने भागले की सूर्याच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. तुमच्याकडे तो ४.४ मिलिमीटर येतो. मागून बसणाऱ्या, तापवून जुळवल्या जाणाऱ्या संचांत चारपटींहून अधिक वर्धन अंगभूत असते, कारण इटॅलॉनमधून किरण जवळजवळ समांतर जावे लागतात. ४.३ पट धरल्यास प्रतिमा १९ मिलिमीटरची होते आणि लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात पूर्ण बिंब मावत नाही. सूक्ष्म तपशील मात्र भरपूर मिळतो, कारण ८० मिलिमीटरचे भिंग या तरंगलांबीवर सुमारे २ विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) भेद करते, तर लहान सौर दुर्बिणीचे ४० मिलिमीटरचे ४ विकलांपर्यंत. सूर्यावर ४ विकला म्हणजे साधारण ३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या पाव भागाइतके. लहान दुर्बीणही अगदीच दुबळी नसते ती अशी.

मी तुमच्या जागी असतो, तर आधी लहान स्वतंत्र दुर्बीण घेतली असती. वीजजोडणी लागत नाही, काही मिनिटांत मांडता येते, पूर्ण बिंब एकदम दिसते, आणि रोज उघडली जाणारी दुर्बीण कपाटातल्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवते.

मृगशीर्ष :
पट्ट्याच्या रुंदीचा मुद्दा स्पष्ट झाला, आभारी आहे. इटॅलॉन ‘जुळवणे’ म्हणजे नक्की काय करायचे असते? आणि कॅल्शियम-के फिल्टरचा विचार करावा का?

वर्णपट :
इटॅलॉन किंचित तिरका करून, त्यातील हवेचा दाब बदलून किंवा त्याचे तापमान बदलून त्याचा दात रेषेच्या नेमक्या मध्यावर आणणे म्हणजे जुळवणे. तापमानाच्या प्रकारात प्रत्येक बदलानंतर काही मिनिटे थांबावे लागते. मला या साऱ्या छंदात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो, कारण १ अँगस्ट्रॉमचे सरकणे म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर प्रतिसेकंद वेग. वर उसळून आपल्याकडे येणारा फिलामेंट रेषेच्या मध्यावर फिका पडतो आणि इटॅलॉनचा दात निळ्या बाजूला सरकवल्यावर अचानक उठून दिसतो, आणि वायू कोणत्या दिशेने धावतो आहे हे नुसत्या बटणाने कळते.

कॅल्शियम-के रेषा ३९३.४ नॅनोमीटरवर, जांभळ्याच्या टोकाशी आहे. वयानुसार डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते व तो प्रकाश फारसा आत येत नाही, म्हणून तो फिल्टर कॅमेऱ्यासाठीच घ्यावा.

अरुणोदय :
दोन गोष्टींची भर घालतो. सूर्य थोडा वर आला की जमीन तापण्यापूर्वीचा सकाळचा काळ सहसा सर्वांत स्थिर असतो. दुपारी काँक्रीटच्या गच्चीवरून पाहिल्यास उत्तम यंत्रणाही उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे चित्र देते. कॅमेरा घेताना कृष्णधवल घ्यावा, कारण रंगीत संवेदकाच्या चार बिंदूंपैकी लाल असलेला एकच या प्रकाशात नीट कामाला येतो. चित्रात समांतर पट्टे उमटले, तर कॅमेरा किंचित तिरका करणारा जोड लावावा.

शोधक दुर्बिणीवर झाकण आहे ना, आणि फिल्मला टाचणीएवढेही छिद्र नाही ना, हे दर वेळी तेजस्वी दिव्यासमोर धरून तपासावे. हायड्रोजन-अल्फाची दुर्बीण आली, तरी ती फिल्म डागांसाठी लागणारच आहे.