घोडीच्या तोंडात जुनी जखम आहे, लगामाला कडी कुठली लावू की बिटलेसच (बिनकडीचा लगाम) घेऊ?

लोणंदचा_स्वार:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी घोडी आणली, सहा वर्षांची, उंची ५८ इंच, नाव चांदणी. आधी तिला वरातीत नाचवायचे. विकणाऱ्याने सोबत जो लगाम दिला त्याच्या तोंडात बसणाऱ्या कडीला आतून काटे होते, घरी आल्यावर हात लावून बघितला तेव्हा कळलं, तो त्याच दिवशी काढून टाकला आणि साधी मधे एक सांधा असलेली स्नॅफल कडी आणली, साडेपाच इंची, दुकानात तेवढीच होती. पण घोडी अजून मान झटकतेच, रास नुसती उचलली तरी तोंड आभाळाकडे करते, तोंड वासते, जीभ कडीच्या वर काढते. नुसत्या म्होरकीवर मात्र गाईसारखी चालते. परवा रपेटीनंतर खरारा करताना फेसात लाली दिसली, ओठ उचलून पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात जुना पांढरा वण आहे, कडक लागतो हाताला, आणि त्याच्या कडेलाच नवीन सोललंय. फार वाईट वाटलं. आता रबरवाली कडी आणू, दोन सांध्यांची आणू, का ऑनलाइन मिळतो तो हॅकमोर, नाकावर दाबणारा बिटलेस लगाम, घेऊ? माझी १२ वर्षांची मुलगी पण अंगणात बसते तिच्यावर, आणि आमच्या रस्त्याला सीझनला उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, तिथे बिटलेसवर घोडी थांबेल का ही खरी भीती आहे.

पागेतला_माणूस:
दादा, पहिलं म्हणजे आजपासून तोंडात काहीच घालू नका, जखम भरेपर्यंत. खरेदी नंतर. आता एक करा, घोडी शांत असताना ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घाला, पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते, कडी तिथेच बसते. खालच्या जबड्यावर बोट फिरवून बघा, हिरडीचं पातळ कातडं आणि लगेच खाली हाड, धारेसारखं लागतं बोटाला. ते एकदा स्वतःच्या बोटाने बघितलं की काटेरी कडीने काय होत असेल हे कुणी सांगायला लागत नाही.
साडेपाच इंची मारवाडीला बहुतेक मोठीच होते. एका सांध्याची कडी दोन्ही रास ओढल्या की अडकित्त्यासारखी मिटते, त्यात ती मोठी असली की मधला सांधा खाली लोंबतो आणि इकडून तिकडे सरकते, म्हणून घोडी जीभ मागे ओढून वर काढते. माप घ्यायला परकराची स्वच्छ नाडी घ्या, तोंडातून आडवी घालून दोन्ही ओठांच्या कोपऱ्याशी खूण करा, मोजा, त्यात अर्धा सेंटीमीटर धरा. तेवढीच कडी. रबराची घेऊ नका, जाड म्हणजे मऊ हा गैरसमज आहे, या घोड्यांचं तोंड लहान, जीभ मांसल, आत जागाच नसते, वर ती रबर चावून खातात.

पशुवैद्य_सातारा:
कडी बदलायच्या आधी दात तपासून घ्या ही विनंती. वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, कडीने गाल दाबला की त्याच धारेवर आतून कापतो. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे कधी कधी एक बारीक दात असतो, वुल्फ टूथ म्हणतात, कडी त्यावर आपटली की घोडं मान झटकतं आणि मालकाला वाटतं जनावर हट्टी आहे. चघळलेल्या चाऱ्याचे बोळे खाली पडतात का ते गव्हाणीत बघा, पडत असतील तर दातच दुखतायत. तोंडातलं कातडं लवकर भरतं पण हाडाला मार असेल तर वेळ लागतो. लोणंदहून तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, फोन करून घोड्याचे दात कोण बघतं ते विचारा. घाईने गावातल्या कुणाकडून कानस मारून घेऊ नका.
काटेरी कडी कायद्याने बंद आहे, प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू ड्राफ्ट अँड पॅक अ‍ॅनिमल्स रूल्स १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तो लगाम कुणाला देऊ-विकू नका, तोडून टाका.

तंग_आणि_रिकीब:
मला नाही पटत. मारवाडी गरम जनावर, बिटलेसवर घेतलं आणि ट्रॅक्टरला बुजलं तर उसात नेऊन पाडेल. जरा कडक कडी ठेवा, साखळीवाली, हात हलका ठेवा म्हणजे झालं. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे.

पागेतला_माणूस:
भाऊ, काळजी बरोबर आहे पण उपाय उलटा आहे. बुजलेलं घोडं दुखण्यापासून पळतं, तोंडात दुखलं की अजून जोरात पळतं. आणि बुजल्यावर आपला हात हलका राहत नाही, तुमचा नाही, माझा पण नाही, बारा वर्षांच्या पोरीचा तर नाहीच. दोन्ही रास ओढून धरल्या की ते त्यावर वजन टाकून पळतं, एकच रास आखडून मान वळवली तर गोल फिरून थांबतं. हे अंगणात म्होरकीवर रोज १० मिनिटं शिकवा, आधी चालताना, मग दुडकीत. ते पक्कं होईपर्यंत पोरीने रस्त्यावर न्यायचंच नाही, लगाम कुठलाही असो.

रपेट_नेदरलँड्स:
मी मूळची कोल्हापूरची, इथे शनिवार-रविवार एका तबेल्यात काम करते. दादा, हॅकमोर बघूनच घ्या हं, बिटलेस म्हटलं की सगळं मऊ असं नसतं. ऑनलाइन मिळणाऱ्या हॅकमोरला बहुतेक दोन्ही बाजूंना दांड्या असतात, दांडी लांब तेवढा तुमचा हात कितीतरी पटीने नाकावर आणि हनुवटीखालच्या साखळीवर दाबतो. तुमच्यासाठी साइडपुल बरा, त्यात रास सरळ नाकपट्टीच्या बाजूच्या रिंगांना असते, दांडी नाही काही नाही, जेवढं ओढाल तेवढंच पोचतं, आणि म्होरकीवर चालणाऱ्या घोडीला तो लगेच कळेल.
नाकपट्टी कुठे बसते ते फार महत्त्वाचं. गालाचं हाड जिथे संपतं त्याच्या साधारण दोन बोटं खाली. त्याहून खाली नाकाचं हाड पातळ होत जातं आणि पुढे नुसता मऊ भाग, तिथे पट्टी आवळली तर श्वास कोंडतो, घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही हो. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पुढे स्पर्धा करायच्या असतील तर लक्षात ठेवा, आंतरराष्ट्रीय ड्रेसाजला (चालींची स्पर्धा) कडी लागतेच, शोजंपिंगला (अडथळ्यांवरून उड्या) बिटलेस चालतं.

लोणंदचा_स्वार:
सगळ्यांचे मनापासून आभार, महिन्याने लिहितोय. डॉक्टरसाहेब तुमचं खरं निघालं, उजवीकडे वरती तो बारीक दात होता, काढला, दाढांच्या धारा पण घासल्या. आता गव्हाणीत बोळे पडत नाहीत. नाडीने माप घेतलं, १२.२ सेंटीमीटर भरलं, म्हणजे माझी कडी तिच्या तोंडापेक्षा दीड सेंटीमीटरहून जास्त मोठी होती, वाचून पोटात कालवलं. चांभारदादांकडून जुन्या चामड्याच्या म्होरकीला दोन रिंगा शिवून घेतल्या, नाकपट्टीखाली आतून नमदा लावला. पहिले चार दिवस रास उचलली की सवयीने मान वर जायची, मग एक दिवस गेलीच नाही, खाली मान घालून नाक फुरफुरलं आणि चालायला लागली. मुलगी अंगणातच बसते. एका रासेने थांबणं चालीत पक्कं आहे, दुडकीत दहापैकी सहा-सातदा जमतं. काटेरी कडी लोहाराकडे नेऊन समोर तोडून घेतली.
आता ट्रॅक्टरची सवय कशी लावायची? शेजाऱ्यांचा उभा असतो, ते चालू करून द्यायला तयार आहेत.

पागेतला_माणूस:
वा, बरं वाटलं वाचून. ट्रॅक्टर आधी बंदच ठेवा, त्याच्या बाजूला वैरण टाका, तुम्ही खाली उभे, हातात लांब दोर. ती निवांत खायला लागली की मग लांबून चालू करायला सांगा, गाणी सगळ्यात शेवटी. बुजली तर मागे घ्या, ओढून जवळ नेऊ नका. आणि आठवड्याने कळवा.