मदत हवी आहे: बँड २५ फ्रेमवर, चित्रपट २४ वर

मंडळी, चित्रपटातल्या गाण्याचा रॉक बँडचा व्हिडिओ संकलनात आहे. वादन सेकंदाला २५ फ्रेमवर (म्हणजे २५ स्थिरचित्रांवर) शूट झालंय, चित्रपटाचे तुकडे २४ चे. २४ च्या टाइमलाइनवर (संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडतो त्या पट्टीवर) बँडचं फुटेज फ्रेमला फ्रेम बसवलं, तर ४ मिनिटांची २५० सेकंद होतात आणि ओठ मागे पडतात. वेग तोच ठेवला तर दर सेकंदाला एक फ्रेम गळते. नेमकी काठी झांजेवर आदळतानाची गेली, की फटका पोकळ दिसतो. त्यामुळे टाइमलाइन २५ ची ठेवून चित्रपटाचे तुकडेच १०४.१७ टक्के वेगाने चालवणं मला बरं वाटतं. मूक दृश्यांत फरक जाणवत नाही.

अडकलंय ते दोन संवादांपाशी. आवाज जवळजवळ पाऊण पट्टी चढतो, आणि पिच खाली आणला की स, श खरखरतात. खरखर न येता हे कसं जमवता? कृपया सेटिंगसकट सांगा.