टाळूचं ऑपरेशन झालेला मुलगा शाळेत बोलतच नाही

चौथीवाल्याची_आई: मुलगा ९ वर्षांचा. जन्मतः टाळू फाटलेली होती, ओठ चांगला. वर्षाचा असताना ऑपरेशन झालं, बघून कुणाला कळणार पण नाही. पण बोलताना हवा नाकातून जाते, पप्पा म्हटलं की मम्मा ऐकू येतं, वर्गातली पोरं गेंगाण्या म्हणतात. हल्ली हजेरीला नुसता हात वर करतो म्हणे. घरचे म्हणतात मोठा झाला की होईल नीट, आणि सासूबाईंचं अजून ग्रहणात भाजी चिरल्याचंच चालू आहे. पुढे मनावर राहतं का हे?

स्पीचवाली: ताई, वाट बघू नका. टाळू शिवली तरी काही मुलांची ती मागे घशाशी नीट मिटत नाही, मग कितीही 'स्पष्ट बोल' म्हणा उपयोग नाही, कधी दुसरं ऑपरेशनही लागतं. आधी क्लेफ्ट टीमला (फाटलेल्या ओठ-टाळूवर एकत्र उपचार करणारे सर्जन, स्पीच थेरपिस्ट वगैरे) दाखवा. आणि कान!! टाळूच्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, कमी ऐकू येतं आणि बाईंना वाटतं लक्ष नाही. सरकारी आरबीएसकेमध्ये (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणी-उपचारांची योजना) १८ वर्षांपर्यंत हे सगळं बसतं, जिल्ह्याच्या डीईआयसीत (याच योजनेतलं मुलांचं तपासणी-उपचार केंद्र) चौकशी करा.

निवांत_नाना: डेन्मार्कमध्ये अशा हजारो लोकांची नोंद वर्षानुवर्षं तपासली होती. नुसता ओठ फाटलेल्यांना मानसिक आजार इतरांपेक्षा विशेष जास्त नव्हते, टाळूवाल्यांना जास्त होते. म्हणजे व्रण दिसत नाही म्हणून सुटलो असं नाही. पण फरक थोडाच होता, बहुतेकांना काही झालं नाही, उगाच घाबरू नका.

ओठ_टाळू_दोन्ही: माझं दोन्ही होतं. हिरडीत हाड भरलं, मग वाढ थांबल्यावर जबड्याचं ऑपरेशन. दर वेळी फोटो काढले, झोप लागते का, शाळेत कसं चाललंय हे कुणीही विचारलं नाही. घरचे पाहुण्यांना 'लहानपणी पडला' सांगायचे, मला खरं नववीत कळलं, त्याचा राग ऑपरेशनपेक्षा जास्त वर्षं टिकला. मुलाला सगळं सांगा, बाळपणीचे फोटो पण दाखवा. 'माझ्या टाळूचं ऑपरेशन झालंय' एवढं एक वाक्य त्याच्या तोंडी बसलं की निम्मी पोरं गप्प होतात, उरलेल्यांचं बाईंनी बघावं.

चौथीवाल्याची_आई: कानाचं कुणी बोललंच नव्हतं, टीव्ही तर फार मोठ्यानं लावतो. डीईआयसीला थेट गेलं तर चालतं का?

स्पीचवाली: आधी फोन करा. ऑपरेशनची जुनी फाइल असेल तर न्याच.