क्लायटेम्नेस्ट्राच्या मनात काय होतं: छुपा हेतू, अंतस्थ हेतू की डूख?

मुक्ता: ग्रीक नाटककार इस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ या नाटकावर (इ.स.पू. 458) टिपण लिहिते आहे. ट्रॉय जिंकून आलेल्या नवऱ्याला, म्हणजे अगामेम्नॉनला, राणी क्लायटेम्नेस्ट्रा न्हाणीघरात मारते, पण तोवर मनातलं कळू देत नाही. छुपा हेतू, अंतस्थ हेतू, सुप्त हेतू यांपैकी काय लिहावं?

श्रीधर: ‘सुप्त’ तर नकोच. जे तिचं तिलाही उमगलेलं नाही, ते सुप्त. ही बाई टक्क जागी आहे. ट्रॉय पडल्याचं त्याच रात्री कळावं म्हणून ट्रॉयजवळच्या इडा डोंगरापासून आपल्या आर्गोस नगरापर्यंत आगट्यांची साखळी तिनेच लावून ठेवली होती.

‘अंतस्थ हेतू’ हा शब्द आपण बहुधा आरोप करताना वापरतो: वर एक कारण, आत स्वार्थ. प्रियकर एजिस्थसशी असलेले संबंध, राज्यावरची पकड, याला तो चालेल. मुलीच्या बाबतीत तो अन्यायकारक होईल. ट्रॉयला निघालेल्या ताफ्याला अनुकूल वारा मिळावा म्हणून औलिस बंदरात बापाने इफिजेनियाचा बळी दिला. त्यावरून आईने धरली ती डूख. हेतूची नजर पुढे असते, डूख मागचं धरून बसते.

कोरसचं पहिलंच गीत पाहा, ओळी 154-155. घरात ठाण मांडून बसलेला, कपटी, काही न विसरणारा, लेकराचा सूड मागणारा असा एक कोप तिथे येतो. मूळ शब्द ‘मेनिस’. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याची सुरुवात ज्या शब्दाने होते तोच. तिथला वीर अकिलीस, त्याचा मेनिस चारचौघांत भडकतो, हा घरचा कारभार सांभाळत थांबतो. ‘राग’, ‘संताप’ इथे तोकडे पडतात.

क्रियापदं सांभाळा: डूख धरतात, आकस ठेवतात, सूड घेतात किंवा उगवतात. ‘आकस’ फारच किरकोळ, जावाजावांतला वाटेल.

नलिनी: ‘डूख’ला माझाही दुजोरा, कारण त्यात साप आहे आणि नाटकातही आहे. ट्रॉयहून बंदिनी म्हणून आणलेली भविष्यवादिनी कासांड्रा राणीला ‘अम्फिस्बाइना’ म्हणते, म्हणजे दोन्ही टोकांनी चालणारा साप. त्याचं ‘मांडूळ’ करू नका. मांडूळ बिनविषारी, सगळा दंशच निघून जाईल. ‘दुतोंडी सर्पीण’ बरं. हे नाटक तीन नाटकांच्या मालिकेतलं पहिलं; दुसऱ्या नाटकात राणीला स्वप्न पडतं: पोटी साप आला, अंगावर पाजलं तर दुधाबरोबर रक्तही ओढू लागला. तो साप म्हणजे तिचा मुलगा ओरेस्टिस. डूख आता लेकाकडे गेली.

मुक्ता: आणि नवरा परतल्यावर त्याच्या पायांखाली ती अंथरायला लावते ते जांभळं कापड? ‘लाल गालिचा’ चालेल?

नलिनी: अजिबात नाही. गालिचा तुडवण्यासाठीच असतो. हे घरातलं ठेवणीतलं भरजरी वस्त्र, समुद्री शिंपल्यांच्या महाग रंगात रंगवलेलं. त्यावर पाय देणं हाच उन्माद. म्हणून अगामेम्नॉन कचरतो, हा मान देवांचा म्हणतो. ती विचारते, ट्रॉयचा राजा प्रायम जिंकला असता तर त्याने काय केलं असतं? मग तो पादत्राणं काढायला लावतो आणि चालू लागतो. आपल्याकडे नेमका शब्द आहे: पायघड्या. त्यातला अतिमानाचा अर्थही जमतो. या प्रसंगापुरतं ‘कावा’ लिहा, कारण इथे ती डाव टाकते आहे.

श्रीधर: एक राहिलं. खुनानंतर, ओळ 1372 पासून, ती कोरसला तोंडावर सांगते की आधी वेळ पाहून बोलले, आता त्याच्या उलट बोलायला मला लाज नाही. पुढे इफिजेनिया, कासांड्रा, एजिस्थस, सगळ्यांचा उल्लेख करते. तिथून पुढे ‘छुपा’ काढून टाका आणि नुसतं ‘कारण’ लिहा.