शेती ही चूक होती म्हणणाऱ्यांनो, आधीचे हाल लपवू नका

नांगरट:
रानवाट यांनी काल लिहिलं, 'शिकार आणि कंदमुळांवर जगणारे आठवड्याला १५ तास राबून सुखी होते. शेती ही चूक, तिनेच गुलामी आणली.' हा आकडा आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांचा, मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात मोजलेला. त्यात फक्त अन्न शोधण्याचा वेळ आहे. मोंगोंगो या रानफळाच्या बियांची कवचं फोडणं, सरपण, हत्यारांची डागडुजी धरली की ली यांच्याच हिशेबाने तो ४० तासांवर जातो. आणि कितीतरी लेकरं मोठी होण्याआधीच जायची, ते कुठल्या सुखात बसवायचं?

रानवाट:
तासांचं मान्य, नाइलाजाने. पण हाडं बघा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या शेतकऱ्यांची उंची घटली, दात किडले. सगळी भिस्त एका पिकावर. ते बुडालं की उपास.

काठीघोंगडं:
पशुपालन कुणाला आठवतंय का? माझे वडील मेंढ्या राखायचे. जिथे पाऊस पेरणीला पुरत नाही, तिथलं गवत माणसाला पचत नाही. मेंढी त्याचं दूध करते. शाळेत शिकवलं, आधी शिकारी, मग गुराखी, मग शेतकरी, जणू जिनाच. मी मान खाली घालून बसायचो. पश्चिम आशियात शेळ्यामेंढ्या माणसाळल्या त्या १०,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास, धान्य पेरणाऱ्या वस्त्यांतच. मग आम्ही खालच्या पायरीवर कसे?

नांगरट:
पायरी मी काढलीच नव्हती. पण कळप उभ्या पिकात शिरला की कुणाचं जातं? आमचं एका रात्रीत गेलंय, कुणी विचारायलाही आलं नाही.

काठीघोंगडं:
आणि कापणीनंतर लेंडीखतासाठी तोच कळप रानात बसवा म्हणून विनवायला कोण येतं?

रानवाट:
अहो, मूळ मुद्दा! मीच शोधत होतो, तर माझ्याच विरुद्ध सापडलं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर लोक धान्य पेरत नव्हते. सामन मासा सुकवून साठवायचे. तरी पक्की गावं होती, सरदार होते, गुलामही होते. शेतीनेच गुलामी आणली, हे वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

नांगरट:
'चूक' हा शब्दही घ्या मागे. आज एवढ्या माणसांची पोटं शिकारीवर भरतील?

रानवाट:
नाही भरणार. पण ती माणसं वाढली कशामुळे?

काठीघोंगडं:
नांगरट, वडिलांच्या मेंढ्या एकदा पिकात गेल्या होत्या. दोन कोकरं विकून त्यांनी भरपाई दिली. तुम्हाला कुणी दिली नाही, वाईट झालं. म्हणून सगळ्या कळपवाल्यांना त्यात ओढू नका.