मिशीवाल्यांनी झोपताना तोंडाला टेप कशी लावावी?

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. वय 52, मालेगावकडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. सकाळी उठलो की तोंडाला ही कोरड! जीभ टाळूला चिकटलेली, पहिल्या तासाला आवाज फुटत नाही. मी रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, लेकीने फोटोच काढून दाखवला.

पुतण्या मेलबर्नला असतो. तो म्हणाला, काका, तोंडाला टेप लावून झोपा, नाकाने श्वास घ्यायची सवय लागते. मेडिकलमधून अर्ध्या इंचाची मायक्रोपोर आणली. पहिल्या रात्री आडवी लावली, ती सकाळी उशीला चिकटलेली सापडली. दुसऱ्या रात्री ओठांच्या मधोमध उभी लावली. टिकली, आणि खोटं कशाला बोलू, सकाळी घसा ओला होता. तिसऱ्या रात्री अडीच वाजता गुदमरून उठलो, टेप ओरबाडली, तिच्यासोबत मिशीचे आठ-दहा केस गेले. चौथ्या रात्री तेच.

तर प्रश्न असा, की मिशीवाल्यांनी कोणती टेप वापरावी? खोबरेल लावून बघितलं, पण मग टेप धरतच नाही.

बायकोचं भलतंच. म्हणते, तुमचं घोरणं मध्येच बंद पडतं, मी जीव मुठीत धरून वाट बघते, मग जुनी एम-एटी किक मारल्यावर सुरू व्हावी तसं फर्रकन सुरू होतं. पण ते पंधरा वर्षांपासूनचं आहे, त्याचा टेपशी संबंध नाही.

कडूकारलं:
सर, वर्गाला 'तोंडावर बोट' सांगून थकलात वाटतं, आता स्वतःवर प्रयोग!

कानाकोपरा:
मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. मिशी राहू द्या, टेप काढा. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, ते खरं तर सगळ्यात वर हवं होतं. घोरणं थांबणं आणि झटक्याने सुरू होणं हे स्लीप अ‍ॅप्नियाचं नेहमीचं रूप आहे. घसा आतून मिटतो, हवा जात नाही, मेंदू दचकून अर्धवट जागा करतो. सकाळी आठवत काहीच नाही.

पुतण्या अगदीच चूक नाही. नाकातून गेलेली हवा गरम, ओली आणि गाळलेली असते. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तोही तिच्यासोबत फुप्फुसात जातो. तैवानमध्ये 2022 साली 20 जणांवर टेप लावून पाहिली, तर तासाला 8.3 वेळा अडणारा श्वास 4.7 वर आला. पण ते सगळे सौम्य त्रासाचे. 2025 मध्ये असे 10 अभ्यास, मिळून 213 माणसं, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष काय, तर पुरावा तोकडा, आणि नाक बंद असलेल्याला धोका. नाक चोंदलेल्या माणसाचं तोंड हे मागचं दार असतं. तेच तुम्ही चिकटवताय.

एकेक नाकपुडी बंद करून बघा. बीपी आहे का? दुपारी डुलकी लागते का?

रानजाई:
दादा, वहिनींना फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. आमच्या सासऱ्यांचं असंच होतं. घोरतात म्हणजे गाढ झोपलेत, अशी घरभर समजूत. एकदा ट्रॅक्टर बांधावर चढवला तेव्हा आम्ही जागे झालो.

गिरणाकाठ:
डॉक्टर, डावी नाकपुडी जवळपास बंदच. सहावीत असताना विटी लागली होती, तेव्हापासून हाड वाकडं आहे. बीपीची गोळी 2019 पासून चालू. दुपारच्या सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये डुलकी ठरलेली, ती मी आजवर डब्यातल्या भाकरीच्या नावावर लिहीत होतो.

रेकॉर्डिंग ऐकलं. 41 मिनिटांचं. घड्याळ घेऊन बसलो. सर्वांत लांब शांतता 34 सेकंदांची. तेवढा वेळ मी जागेपणी श्वास रोखून पाहिला, बावीसला सोडला.

कानाकोपरा:
10 सेकंदांच्या वरचा प्रत्येक थांबा मोजला जातो. तासाला 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. झोपेची तपासणी आता घरीही होते.

गिरणाकाठ (तीन आठवड्यांनी):
झाली तपासणी. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकात नळी. आकडा आला 27. मी सात तास झोपलो होतो, म्हणजे 189 वेळा. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "मला आकडा कशाला सांगताय, मी तिथंच होते."

सीपॅप यंत्र भाड्याने आणलंय, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवतं. पहिल्या रात्री वाटलं, चालत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलंय. आता चार तास लावतो. नाकाच्या हाडाचं ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत करायचं का, ते ठरवायचंय. उरलेल्या टेपने प्रयोगवहीची पानं चिकटवली.

एकच शंका. हवा ओली राहावी म्हणून यंत्रात डिस्टिल्ड पाणी घाला म्हणतात. बॅटरीवाल्याकडचं चालेल का?

रानजाई:
नको नको दादा! मेडिकलवाल्याला सांगून ठेवा, मागवून देतो. एखाद्या रात्री नसलंच, तर उकळून गार केलेलं घाला. आणि मास्क रोज धुवा, मिशीचं तेल लागलं की तो निसटतो.